भरीत आणि अठराशे एकोणनव्वदचा पैसा

शालिग्रामनानांनी वांग्याचं भरीत सोडलं ते १९८५च्या दिवाळीनंतर. राणीछाप तांब्याच्या पैशांचा संग्रह पुरा होईपर्यंत भरीत तोंडात घालणार नाही, असं त्यांनी भर पंगतीत जाहीर केलं. तेव्हा एकच साल बाकी होतं, अठराशे एकोणनव्वद. महिनाभरात मिळेल असा त्यांचा अंदाज होता. तिसरा हिवाळा आला. ते नाणं तसं दुर्मीळ नव्हतं. नानांनाच मिळत नव्हतं.

नाना माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, पाचोऱ्याच्या मार्केट यार्डात तोलारी. आठवडाभर ज्वारी-भुईमूग तोलायचे आणि सुट्टीच्या दिवशी गावोगावच्या भंगारवाल्यांकडून घासलेले पैसे विकत घ्यायचे. इतके घासलेले की राणीचं नाक गेलेलं आणि सालाचा पत्ता नाही. नाना ते उन्हात तिरके धरत, अंगठ्याने चाचपत, आणि वाचता आलंच तर घरातल्या कॅरमबोर्डावर बसवत. त्या बोर्डाला त्यांनी सालागणिक गोल खळगे पाडले होते. मुलांनी कॅरमचा नाद कधीच सोडला होता.

एकदा रावेरहून शेवटचा आकडा पार झिजलेला पैसा आला. नानांच्या पत्नी भिकुकाकू म्हणाल्या, "याला नऊच म्हणा ना. राणी काय बघायला येतेय?"

"तोलाऱ्याने अंदाजे बोलायचं नसतं," नाना म्हणाले.

काकूंनी एकटीने खायचं नाही म्हणून घरात भरीत करणंच बंद केलं होतं. शेजारून वांगी भाजल्याचा वास आला की त्या खिडकी लावून घेत.

मी तेव्हा धुळ्याला एम.ए. करत होते. जानेवारीत बाजारात सुक्या मिरच्या घ्यायला गेले, तर बेबाबाई नावाच्या म्हातारीच्या तराजूला, एका पारड्याच्या दोरीशी, तांब्याचा पैसा दोऱ्याने आवळून बांधलेला. पारडं हलकं असलं की त्याची खोट भरायला असं काहीतरी बांधतात. त्याला पासंग म्हणतात. मी वाकून साल वाचलं आणि पोस्टातून कार्ड टाकलं.

चौथ्या दिवशी नाना एसटीतून उतरले. काखेत उशीच्या अभ्र्यात घातलेला कॅरमबोर्ड, कारण शेवटचं नाणं तिथल्या तिथे बसवायचं होतं. मागे भिकुकाकू, हातात रिकामी पिशवी.

नानांनी पैसा पाहिला आणि खालीच बसले. "बाई, काय घ्याल याचे?"

"मिरची ली ले भाऊ, पैसा नई भेटाव," बेबाबाई म्हणाली. "हाऊ काटा मन्ही सासूना शे."

"वीस रुपये देतो."

"आन काटा कशावर चालाडू? तुन्हा वीस रुपयावर?"

तो प्रश्न नानांना लगेच पटला. मला वाटलं होतं त्यापेक्षा फारच लगेच. त्यांनी तो पैसा सोडवून त्याच्या जागी खिशातला रुपया बांधून पाहिला, हलका पडला. संग्रहातला अठराशे ब्याण्णवचा लावला, जड पडला.

"राहू द्या ना, एवढासा तर फरक," मी म्हटलं.

"मालाकडचं पारडं आहे. जड लावला तर गिऱ्हाईक बुडेल, हलका लावला तर बाई."

"थोडं मेण लावू."

"उन्हाळ्यात?" नाना आणि बेबाबाई एकदमच म्हणाले, आणि एकमेकांकडे आदराने पाहू लागले.

मग बोर्ड अभ्र्यातून काढला. एकेक साल दोऱ्याला बांधून, दांडी उचलून, काटा बघून परत खळग्यात. गिऱ्हाइकं जमली. कुणी म्हणालं, औषध विकताहेत. बेबाबाई प्रत्येक वेळी मान हलवायची, "नई. नई. जराखा जड." अठराशे सत्त्याहत्तरचा बांधला तेव्हा काटा मधोमध उभा राहिला. तो पैसाही तेवढाच झिजलेला होता. कुणाच्या हाताने, देव जाणे.

"बरोबर शे," बेबाबाई म्हणाली.

नानांचा चेहरा पडला. एकोणनव्वद मिळणार, सत्त्याहत्तर जाणार. खळगा नुसता जागा बदलणार. आणखी किती हिवाळे, हे त्यांनी मनात मोजलं असावं. त्यांनी सत्त्याहत्तरचा सोडला आणि दोन्ही पैसे तळहातावर ठेवून बघत राहिले.

"थांबा," भिकुकाकू म्हणाल्या. "मूठ मिटा."

नानांनी मिटली.

"बोर्डावर बाकीचे सगळे आहेत?"

"आहेत."

"आणि राहिलेले दोन मुठीत. म्हणजे आत्ता या घडीला संग्रह पुरा आहे."

"पण लगेच द्यायचाय ना एक!"

"पुरा होईपर्यंत, असं म्हणाला होतात. पुरा राहीपर्यंत नाही. बाई, तुम्ही सांगा."

बेबाबाईने बोर्ड पाहिला, नानांची मूठ पाहिली, काकूंची रिकामी पिशवी पाहिली. "बठ्ठा शेतस," ती म्हणाली. सगळे आहेत.

नाना विचारात पडले. आयुष्यभर मिरचीएवढाही फरक न चालवून घेतलेला माणूस. त्यांनी रिकाम्या तराजूकडे पाहिलं, जणू तोच काही सांगेल.

"किती वेळ धरू मूठ?" त्यांनी हळूच विचारलं.

"मी वांगी घेऊन येईपर्यंत," काकू म्हणाल्या आणि गर्दीत शिरल्या.

पासंगाशिवाय काटा बंद, गिऱ्हाइकं खोळंबलेली. कॅरमबोर्ड मांडीवर घेऊन नाना मिरच्यांच्या ढिगाशेजारी बसले होते. एका हाताची मूठ, तिच्यावर दुसरा हात.

"वैनी, बिगी बिगी!" बेबाबाई ओरडली. "आन हिरवी लेज्यो, जांभळी नको!"