काविळीची माळ

आमच्या आंधळगावात कावीळ झाली की लोक दवाखान्यातून निघून थेट आमच्या घरी येत. माझी आई काविळीची माळ करायची. घरात हातमाग, त्यामुळे सूत आणि गाठी तिच्या हातच्या. माळेला लागायची पुनर्नवा. शनिवारी सांजेला आई बांधावर जाऊन त्या झाडाला हळद-तांदूळ वाहून आमंत्रण द्यायची आणि रविवारी उजाडता, कुणाशी एक शब्द न बोलता, ते उपटून आणायची. पाल्याचा रस ताकातून पाजायची. देठांचे बोटभर तुकडे सुताच्या गाठींत अडकवून केलेली माळ रोग्याच्या डोक्यावर ठेवायची. ती दिवसागणिक लांबत गळ्यात, छातीवर, मग बेंबीपर्यंत यायची. माळ उतरली म्हणजे कावीळ उतरली.

मी विज्ञानाचा मास्तर. अंगणात रोग्यांची रांग लागली की मी मागच्या दाराने शाळेत जायचो. शेवटी एका रविवारी आईच्या टोपलीतली माळ उचलून खुंटीला टांगली आणि रोज मोबाइलवर तिचं शूटिंग केलं. देठ वाळून बारीक झाले, गाठी सैल पडल्या, माळ हातभर लांबली. तो व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आमच्या खुंटीची कावीळ बरी झाली.' लोक पोट धरून हसले. मी भलताच खूश होतो. आईला काय वाटेल, हे मनात आलंच नाही असं म्हणणं खोटं होईल. आलं होतं, तरी टाकला.

ती रागावली नाही. दोन दिवसांनी जेवायला वाढताना म्हणाली, "तळ्यावर मासे धरते ना थो, त्यानं माळ फेकून देल्ली. काल दारूच्या भट्टीवर दिसला म्हणते."

हा माणूस पिऊन पिऊन पिवळा झाला होता. आईने त्याला बजावलं होतं, माळ अंगावर असताना दारूचा थेंब पोटात गेला तर माळ उलटेल. तीन आठवडे त्याने बाटलीला हात लावला नव्हता.

"पण डॉक्टरांनी सांगितलंच होतं ना त्याला!" मी म्हणालो.

"डाक्टरचं थो आयकते का? माळेले भेत होता. गाठी सैल पडते, हे का मले माहीत नाही? मीच बांधतो ना."



मग त्याची बायको आली. तिने मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती दाराशीच उभी राहून म्हणाली, "गुरुजी, माळ खरी हाये म्हणून तुम्हीच सांगा त्याले. तुमचं मानंल थो."

आईने नवी माळ केली. ती घेऊन मी त्याच्या घरी गेलो. तो ओसरीवर जाळं शिवत बसला होता. पाय सुजलेले, डोळे हळदीसारखे. मी म्हणालो की व्हिडिओत माझी चूक झाली, खुंटीवरची माळ वेगळी, माणसाच्या अंगावरची वेगळी, तिच्यात गुण असतो. वर्गात कधी अडखळत नाही, तिथे दर शब्दाला अडखळलो. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग हातातलं जाळं बाजूला ठेवलं.

"गुरुजी, माह्या पोरीले शिकवता तुम्ही," तो म्हणाला. "खोटं नोका बोलू."

माळ त्याने घेतली नाही. धानाची कापणी संपायच्या आत तो गेला. तेराव्यानंतर त्याची मुलगी शाळेत आली, दुसऱ्या बाकावर बसली. त्या वर्षी यकृताचा धडा मी फळ्याकडे तोंड करून शिकवला.