फळ्यांच्या घराबाहेरची बाई

वडिलांची परभणीहून बदली झाली तेव्हा आम्हाला ते फळ्यांचं घर राहायला मिळालं. सागवानी खांबांच्या चौकटी, त्यांत बसवलेल्या उभ्या फळ्या. माती फक्त पायाखाली. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनच्या वर्षी आधीची माणसं ते सोडून गेली होती. उन्हं तापली की फळ्या वाजायच्या, कुणीतरी अनवाणी चालल्यासारख्या. आई म्हणायची, "त्यांचा जीव अडकलाय इथं. दुपारच्याला कुणी बोलावलं तर तिसऱ्या हाकेबिगर ओ द्यायची न्हाई."

मी हैदराबादच्या कॉन्व्हेंटमधून सुटीला आले होते. भूत नसतं, हे मला इंग्रजीत व्यवस्थित सांगता आलं असतं.

त्या दुपारी आई शेजारी शेवया करायला गेली होती.

"माय, कोनी हाय का घरात?"

मी फटीला डोळा लावला. बुरख्यातली बाई, तोंडावरचा पडदा मागे टाकलेला. पाय सुलटे होते, तेही मी पाहून घेतलं. एका चपलेचा अंगठा सुतळीने बांधलेला.

"आमी ह्याच घरात ऱ्हायचो. आता लय लांब जायलोत, परत येणं व्हायचं न्हाई. माज्या थोरल्याची नाळ आतल्या कोपऱ्यात पुरली हाय. त्यो तर ऱ्हायला न्हाई. चिमूटभर माती द्या, माय. गाडीची येळ झाली."

ती थांबली. मग दुसरी हाक आली, पहिलीहून हळू. मी फटीला डोळा लावूनच उभी राहिले. आमच्या दोघींमध्ये बोटभर जाडीचं लाकूड होतं. तिने फळीवरून एकदा हात फिरवला आणि स्टेशनकडे निघाली.

आई आल्यावर मी सगळं सांगितलं. मला भूत वाटलं, असंही म्हणाले. ते खोटं होतं. दार उघडून परक्या बाईशी काय बोलायचं, हे मला सुचलं नव्हतं.

"अगं, मेलेलं माणूस माती कशाला मागंल?" आईने विळ्याने कोपरा उकरला, मूठभर माती पदरात बांधली आणि स्टेशनकडे गेली. परतली तेव्हा गाठ तशीच होती.

माती पुन्हा त्या खड्ड्यात टाकायला तिचा हात धजेना. फडक्यात बांधून तिने ती खुंटीला अडकवली.

पुढची बदली झाली. सामान बांधताना मी विचारलं, "याचं काय करायचं?"

"तुज्या ट्रंकेत ठिव," आई म्हणाली. "हाक तुला मारली व्हती तिनं."