जिचं नाव जहाजावर राहिलं

“मोजे घाल, मग वाढ. पाहुण्यांना किळस नको.”

बाईसाहेबांनी पांढरे हातमोजे पुढ्यात टाकले. मी घातले. माझे हात काळे. आम्ही सिद्दी, मुरुडचे. संस्थान विलीन झालं, मी रांधायची तो तिथला मुदपाकखाना बंद पडला, आणि ग्वाल्हेरला या मराठा सरदारांकडे मला चूल मिळाली. छप्पर मिळालं. टायफॉइडमध्ये बाईसाहेबांनीच डॉक्टर बोलावला. हे मी विसरत नाही. त्या विसरू देतही नाहीत.

जेवायला नव्या सरकारातले एक साहेब आणि त्यांची बायको. नारळाच्या रसातलं मटण केलं होतं, सोबत तांदळाच्या पिठाचा घोटलेला गोळा. तुकडा तोडायचा, अंगठ्याने खळगा करायचा, त्यात रस्सा उचलायचा.

ही रीत माझ्या आत्याची, सकीना फुफीची. माझी शाळा चौथीत सुटली, मग फुफीच शाळा. बंदरात आफ्रिकेतल्या जंगबारचे खलाशी उतरले की ती विचारायची, “तुझी आई गोळा कसा करते रे?” सिद्द्यांच्या घरोघरी म्हाताऱ्यांच्या चुलीशी बसायची. राजांच्या लढाया लिहिणारे पुष्कळ. आम्ही कुठून आलो, ते फुफीने रश्श्यातून शोधलं. तिचा एकच नियम. भांडं चढवताना, जिच्याकडून आलं तिचं नाव घ्यायचं.

“बहुत बढ़िया! इसे किसने सिखाया?” साहेबांच्या बायकोने विचारलं.

“मैंने ही,” बाईसाहेब म्हणाल्या. “हमारे सासूबाई का है ये. ये तो जंगली थी, चाय भी नहीं आती थी.” मग माझ्याकडे वळून, “काय गं, खरं ना?”

नुसती मान हलवायची होती. हलेना. छप्पर आठवलं. डॉक्टर आठवला. मोजे काढले, ताटांशेजारी ठेवले.

“सकीना. तिची आई मरियम. मरियमची सासू झुबैदा. आणि तिच्या आधीची, जिला विकायला आणलं, जिचं नाव जहाजावर राहिलं. त्यांनी शिकवलं.”

साहेब हसले. “लो, बावर्चिन का भी खानदान निकल आया!”

सगळे हसले. बाईसाहेब नाही.

सकाळी चूल नव्या बाईकडे गेली, मोरीतली भांडी माझ्याकडे. फुफी कधीच गेलेली. मुरुडला दार उघडणारं कुणी नाही. जाणार कुठे? राख, चिंच, पितळ.

पुढे साहेबांनी पुन्हा तेच जेवण मागितलं. नवीच्या गोळ्यात गाठी. बाईसाहेब स्वतः मोरीपाशी आल्या, मागे ती.

“हिला सांग, कसा घोटतात.”

“सांगते. आधी नावं पाठ करा.”

“कुणी?”

“दोघींनी.”

“माजलीस. हाकलून देईन!”

हातातलं पातेलं खाली ठेवलं. म्हटलं, “द्या.”

हाकललं तर कुठे जाईन, ठाऊक नाही. ठेवलं तर भांडी घाशीन. पण फुफीचा गोळा या घराच्या ताटात नावांशिवाय पडणार नाही.