सुई खाली येईपर्यंत

वायरलेसच्या छंदिष्टाशी लग्न केलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. झाडू मारला तरी निघतात! प्रताप नगरच्या आमच्या घरात ट्रान्समीटर माझ्याआधी आला. म्हणजे थोरली सवत तोच, मी धाकटी.

*

हे कोराडीच्या वीज केंद्रात. आठवडाभर करंट मोजून हौस फिटत नाही, म्हणून रविवारीही मोजतात. हाय व्होल्टेजजवळ एक हात खिशात ठेवायचा, म्हणजे शॉक छातीतून जात नाही. सवय इतकी की बाळालाही एकाच हाताने घेतलं! सासूबाई कडाडल्या, "काहून गा, दुसरा हात कोणाले देऊन आला?"

*

ट्यून करताना अँटेनाऐवजी साधा बल्ब जोडतात. लख्ख पेटला की जमलं. एकदा स्वयंपाकघरातलाच बल्ब काढून नेला. मी अंधारात फोडणी देतेय आणि पलीकडे ह्यांचे सक्करदऱ्याचे मित्र देवतळे टाळ्या वाजवताहेत!

*

बाळाला ताप होता. मी घाबरून थर्मामीटर ह्यांच्या हाती दिला. "एकशेदोन," म्हणाले आणि लिहूनही ठेवलं. कुठे? लॉगबुकात, ट्रान्समीटरच्या ट्यूबमधल्या करंटच्या रकान्यात! दोन दिवसांनी देवतळेंनी ते वाचलं. "एवढा करंट? ट्यूब मारून राहिला का बे?"

मी नेमकी डॉक्टरकडून येत होते. हसू आलं नाही.

*

पण खरी आग जबलपूरची. रविवारी दहाला तिथल्या एक बाई वायरलेसवर ह्यांच्याशी बोलतात. आवाज असा की मला माझाच जाडाभरडा वाटावा. त्याआधी हे दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात.

"अहो, तिला दिसणार आहे का?"

"आवाजात फरक पडतो."

माझ्याशी तीन वर्षं बनियनवरच बोलताहेत!

*

त्या रविवारी नवी ट्यूब बसवली. ट्यून होईना. दोघे मित्र घामाघूम. आधी एका नॉबने करंटची सुई अगदी खाली आणायची, मग दुसऱ्याने लोड वाढवायचं, पुन्हा सुई खाली. तीन वर्षं भिंतीआडून हेच ऐकत होते मी. हे घाईत उलटं करत होते.

"सरका जरा." बाळ कडेवर, मोकळा हात नॉबवर. बल्ब लख्ख!

"वहिनी, लायसन्स तुम्हीच काढा!" देवतळे म्हणाले. हे अँटेनाकडे वळले.

अँटेना जोडली. दहा वाजले, ह्यांनी जबलपूरला हाक दिली. "आज आपकी आवाज़ कितनी साफ़ है! क्या किया?"

"बायकोने ट्यून केलं," एवढंच म्हणायचं. एका वाक्याचा तर प्रश्न होता.

ह्यांनी कॉलर नीट केली, माइकचं बटण दाबलं. "जी, बस, नई ट्यूब लगाई..."

मी नॉब किंचित फिरवला. हे बोलतच होते. सुई चढली. बटण सुटताच बाईंचा आवाज आला, "अरे, बीच में कहाँ चले गए?"

ह्यांनी मीटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नवी ट्यूब आहे नं," मी म्हटलं, "तिलाच विचारा!"