राबणाऱ्याचं नाव कमल

अन्याय झाला तो आमच्याकडे कामाला येणाऱ्या कमलमावशींवर, गेल्या रविवारी सकाळी दहा वाजता, आमच्याच हॉलमध्ये. त्या फरशी पुसत होत्या आणि माझा दादा फोनवर मित्राला खिदळत सांगत होता, "कमल पुन्हा मेलीय रे. एक लाथ घातली की उठेल!"

मावशींचा हात थांबला. "दादा, माझं काय चुकलं?"

"तुम्ही नाही हो मावशी, हा कॉम्प्युटर!" दादाने टेबलाखालचं जुनं डबडं दाखवलं. घरातले फोटो, गाणी, हिशोबाचे प्रोग्राम, सगळं वेगवेगळ्या कंटेनरमध्ये, म्हणजे डब्यांत भरल्यासारखं, तो त्याच्यावर चोवीस तास चालवतो. गेम खेळायच्या नव्या कॉम्प्युटरचं नाव सम्राट. राबणाऱ्याचं कमल.

"बरंय," मावशी म्हणाल्या, "तिला निदान स्वतःचा पंखा तरी आहे." आणि पुन्हा फरशीकडे वळल्या.

मी हसले. त्या हसण्याची मला अजून किळस येते. नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत एका टिंबाचं अंतर आहे, आणि ते टिंब आम्ही एका बाईच्या कपाळी लावलं.

तुमच्याही घरी असं राबणारं यंत्र असेल, तर आजच त्याला स्वतःचं नाव द्या. स्वतःचं म्हणजे तुमचं. मग ते बंद पडलं की लाथ घाला म्हणून ओरडा.