दाराकडे बघणारा नवरा

आमच्या वहिनीचा धंदा लोकांना पटकन कळत नाही. जुन्या लॉकेटांत नखाएवढ्या तसबिरी असतात. तसे चेहरे ती तांब्याच्या पत्र्यावर मोठे करून सुईने कोरते, शाई भरते आणि कागदावर छापते. भोवती मोत्यांची महिरप. चौकटी मी बसवतो, म्हणून चार शब्द बोलायचा मला हक्क आहे.

छापताना डाव्याचं उजवं होतं. उजवीकडे बघणारा माणूस कागदावर डावीकडे बघायला लागतो. वहिनीने त्याची कधी फिकीर केली नाही. तिचे चेहरे भंगारातून आलेले, ना नाव ना गाव. कुठे का बघेनात!

मग शिवणबाई आल्या. जन्मभर काजं करून एक डोळा गेलेला, दुसरा जायच्या वाटेवर. त्यांचं लॉकेट पुस्तकासारखं उघडायचं: एकीकडे त्या, दुसरीकडे त्यांचे दिवंगत यजमान, तोंड बायकोकडे.

"आता हे दिसत नाहीत मला," त्या म्हणाल्या. "थोडं दिसतंय तोवर मोठे करून द्या."

वहिनीने जीव ओतला. चित्र टांगायला आम्ही दोघं गेलो. भिंतीच्या एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला खिडकीपाशी बाईंची खुर्ची. बाई काचेला नाक लावून बराच वेळ उभ्या राहिल्या.

"हे दाराकडे बघताहेत."

वहिनीचा चेहरा खर्रकन उतरला. मी नेहमीप्रमाणे नको तिथे तोंड घातलं. "खुर्ची दाराकडे हलवू या?"

"नको. जन्मभर दाराकडेच बघत होते हो. घरात पाय ठरत नसे. लॉकेटात तेवढे माझ्याकडे बघायचे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वहिनीने चित्र उतरवलं. घरी येऊन आरशात बघत बघत तिने नव्या पत्र्यावर तोच चेहरा उलटा कोरला. त्यात तीन आठवडे गेले. घाई करण्यातलं हे काम नव्हे, पण तेव्हा घाई करता आली असती तर बरं झालं असतं.

पुन्हा गेलो तेव्हा बाई आमच्या आवाजाच्या रोखाने वळल्या. मी चित्र टांगलं. त्या आल्या, काचेला नाक लावलं, मग हाताने काच चाचपली.

"ताई, कुठे बघताहेत हे?"

"तुमच्याकडे," वहिनी म्हणाली.

बाई खुर्चीत जाऊन बसल्या आणि दोन्ही हातांनी केस नीट करू लागल्या.