गाऱ्हाण्याचा नारळ

मी आचरा सोडलं ते १९९९च्या जानेवारीत. कुडाळ स्टेशन तेव्हा इतकं नवं होतं की बाकड्याला टेकताना रंग लागेल अशी भीती वाटायची. पण निघणं म्हटलं की मला स्टेशन नाही आठवत, आमचं अंगण आठवतं. सकाळची वेळ, एसटी यायला थोडा अवकाश, आणि तुळशीसमोर डोक्यावर टोपी घालून उभे राहिलेले तात्याकाका. हे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडील मी लहान असतानाच गेले, त्यामुळे घरातलं गाऱ्हाणं काकाच घालायचे.

मुंबईत वाढलेल्या पोरांना हे सांगावं लागतं, म्हणून सांगते. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे. घरातला मोठा पुरुष नारळ ठेवून देवाला एकेक मागणं मोठ्यानं सांगतो आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. म्हटलं नाही तर मागणं पोचत नाही.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या चेडू तुझी सीम सोडून मुंबयक चल्ला हा."

"व्हय म्हाराजा."

"वाटेत काय वाकडा-नाकडा येयत तर तू आडवो रव."

"व्हय म्हाराजा."

"तेका बरोसो घोव गावांदे. ज्या दिवशी ता ठरात, त्या दिवशी हो नारळ फुटांदे."

शेजारपाजाऱ्यांसकट सगळे जोरात म्हणाले, "व्हय म्हाराजा!" मी मात्र नेमकी त्याच वेळी खोकले. धूर नव्हता, सर्दी नव्हती, काही नव्हतं. आई माझ्याकडे बघत होती. मग तिनं तो नारळ माझ्या पिशवीत घातला आणि बजावलं, "लग्न ठरासर फोडूचो नाय. आमटीत घालशीत तर बघ. वर्षान दुसरो धाडीन, तेवा ह्यो समुद्रात सोड."

खोकण्याचं कारण मला पक्कं माहीत होतं. मला घोव, म्हणजे नवरा, नको होता. मला कोण हवं असेल याचा अंदाज कॉलेजात असतानाच आला होता, पण त्याला आमच्या भाषेत काय म्हणतात ते ठाऊक नव्हतं. निघण्याच्या आधीच्या महिन्यात तेवढं कळलं. पेपरात बातमी होती, दोन बायकांच्या प्रेमावरच्या सिनेमापायी थिएटरांच्या काचा फोडल्या म्हणून. काका ओट्यावर बसून ती मोठ्यानं वाचत होते आणि मधेमधे "शी शी, काय पण दिवस इले" करत होते. आई सुकत घातलेले बांगडे उलथत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "सिनेमात शेवटाक तेंचा काय होता?"

"काय होतला? वाट लागता!" काका म्हणाले. त्यांनी सिनेमा बघितलेला नव्हताच.

आईचा तो प्रश्न मी मुंबईला घेऊन गेले. पुढं दहा-अकरा वर्षं मी त्याच प्रश्नावर पोट भरलं म्हणायला हरकत नाही. कारण नोकरी लागली ती सिनेमाची बक्षिसं देणाऱ्या एका संस्थेत. काम काय, तर आलेल्या कॅसेटी लावून ठेवायच्या, परीक्षकांना दाखवायच्या, चहा द्यायचा आणि ते काय बोलतात ते टिपून घ्यायचं. वर्षभरात येतील तेवढे सिनेमे मी बघितले, आणि त्यातली आमच्यासारखी माणसं मला पाठ झाली. ती दोनच प्रकारची असायची. एक तो, कंबर लचकवत येणारा, रुमाल उडवणारा, ज्याला बघून परीक्षकांच्या पोटात हसून दुखायचं. तो विनोदी भूमिकेच्या विभागात जायचा. दुसरी ती, गंभीर सिनेमातली, जी शेवटच्या रिळात गोळ्या खायची, विहिरीत पडायची, नाहीतर नुसतीच पावसात निघून जायची. तिला बक्षीस मिळायचं. म्हणजे तिला कुठलं, तिचं सोंग करणाऱ्या नटीला. परीक्षक म्हणायचे, "केवढी धाडसी भूमिका!" मी कप गोळा करत मनात म्हणायची, धाडस बघायचंय तर आमच्या घरमालकाला भेटून या.

घरमालकाला मी आणि माझ्याबरोबर राहणारी विशाखा मामेबहिणी असल्याचं सांगितलं होतं. मी मालवणकडची आणि विशाखा अकोल्याची. तो म्हणाला, "मामाची मुलगी इतक्या लांबची?" विशाखा म्हणाली, "मामा लई फिरले बाप्पा."

ही विशाखा. आमच्या त्या छोट्या हॉलमध्ये आवाजाची यंत्रं सांभाळायला आली आणि पहिल्याच दिवशी माझ्यावर डाफरली, कारण मी चहाचा ट्रे तिच्या यंत्रावर ठेवला होता. मीही गप्प बसणारी नव्हते. दोन वर्षं आम्ही नुसत्या भांडलो आणि मग गोरेगावला एका खोलीत राहायला लागलो. त्या खोलीत होते तितकी सुखी मी कुठंच नव्हते, हे इथं सरळ लिहून टाकते.

खोलीत फळीवर तो नारळ होता. विशाखानं विचारलं, "हा काहून ठेवला वो? चटणी करू ना." आता तिला काय सांगायचं? की माझ्या आईनं माझ्यासाठी नवरा मागितलाय, त्याचा आहे? मी म्हटलं, "तो बक्षिसाचा आहे. आपलं बक्षीस. ज्या सिनेमात आपल्यासारखी माणसं शेवटापर्यंत जिवंत राहतील आणि त्याला स्टेजवर मान मिळेल, त्या दिवशी फोडायचा." तोंडाला आलं ते बोलून गेले. पण तिला ते इतकं आवडलं की तो आमच्या घरचा सणच झाला. दरवर्षी समारंभ व्हायचा, दरवर्षी कोणीतरी विहिरीत पडायचं, आणि आम्ही नारळ घेऊन वर्सोव्याच्या समुद्रावर जायचो. "हरला बिचारा यंदाबी," म्हणत विशाखा तो लाटेत सोडायची. तोवर कोणीतरी गाववाला आईकडून नवा आणून द्यायचा, नवं गाऱ्हाणं घातलेला.

अमेरिकेतल्या मोठ्या बक्षिसांकडेही आमचं लक्ष असायचं. एका वर्षी दोन पुरुषांच्या प्रेमाचा सिनेमा पहिलं बक्षीस घेणार असं सगळे म्हणत होते. भल्या सकाळी टीव्हीसमोर बसलो, आणि नाव भलत्याच सिनेमाचं घेतलं. विशाखा इतकी चिडली की चहासुद्धा घेतला नाही. मी समजूत घातली, "अगं, आपला नारळ तरी कुठं मिळणार होता त्याला? त्यातलाही एक मरतोच."

हसण्यावारी नेत होतो, पण एक गोष्ट हसण्यावारी जात नव्हती. गावाला मी एकटीच जायची. गणपतीला एकटी, मेमध्ये एकटी. विशाखा दादरला गाडीत बसवून द्यायची आणि खिडकीतून वेफर्सचं पाकीट आत सारायची. आई माझ्यासोबत राहणाऱ्या मुलीबद्दल विचारायची, "ता तुझ्या वांगडाचा चेडू बरा आसा?" मी म्हणायची, "बरा आसा." त्यापुढं दोघीही जात नव्हतो. विशाखाला तिच्या घरच्यांनी कधीच तोडलं होतं, माझ्याशिवाय तिला दुसरं दार नव्हतं. आणि माझं दार मी तिला दाखवत नव्हते, कारण दाखवलं आणि आईनं लावून घेतलं तर? आचरा कायमचं सुटलं असतं. मला ते झेपलं नसतं. तुम्ही जे गावी राहिलात त्यांना वाटतं, गेलेल्यांना गाव नकोसं होतं. उलट असतं बाबांनो. गेलेला माणूस गावाला फार घाबरून असतो.

मग २०१० साल आलं. त्याच्या आदल्या वर्षी दिल्लीच्या कोर्टानं आमच्यासारख्यांना गुन्हेगार म्हणू नका असं सांगितलं होतं. त्या पावसाळ्यात एक छोटा मराठी सिनेमा आमच्याकडे आला. तालुक्याच्या गावातली एक नर्स आणि एक शाळामास्तरीण, एका घरात म्हाताऱ्या होतात. कोणी विहिरीत पडत नाही. शेवटी दोघी पडवीत चहा पितात आणि लाईटच्या बिलावरून भांडतात. संपला तेव्हा एक परीक्षक म्हणाले, "पण यात घडतं काय?" मी आजवर त्या खोलीत तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं. "सर, त्या मरत नाहीत. हेच घडतं," म्हटलं, आणि कप घेऊन बाहेर आले.

पुढच्या मार्चमधल्या समारंभात त्या नर्सचं काम करणाऱ्या बाईंना अभिनयाचं पहिलं बक्षीस मिळालं. मी स्टेजच्या बाजूला ट्रॉफ्या घेऊन उभी होते. बाई माईकसमोर म्हणाल्या, "सगळे मला धाडसी म्हणतायत. मी फक्त एका बाईबरोबर संसार करणारी बाई केली. संसार करणाऱ्या बाया मी आधीही पुष्कळ केल्या आहेत." मला रडू फुटलं. घरी पोचले तर विशाखानं कैऱ्या घालून कोळंबीचं सार केलं होतं, नारळाचा घट्ट रस काढून. फळी रिकामी होती.

"जिंकला ना वो!" ती म्हणाली. "टीव्हीवर नाव घेतलं आन् मी फोडलाच."

ठरल्याशिवाय फोडू नये असा नारळ, तो फुटला, आणि वर त्याचं सार झालं. आमच्याकडे लहान पोरसुद्धा असा घोटाळा करणार नाही. पण पोरीला बिचारीला मी सांगितलं काय होतं! त्या जेवणावर मी तिला सगळं सांगितलं. ती घास हातात धरून ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे मी तुह्या नवऱ्याचं सार केलं?"

रविवारी आईचा फोन. ती समारंभ दरवर्षी बघायची, माझं कोपर तरी दिसतं का म्हणून.

"ता दोन बायलांचा दाखवल्यानी," ती म्हणाली. "शेवटाक तेंचा काय होता?"

"काय नाय गो आये. जगतत. चाय पितत. लायटीच्या बिलावरून भांडतत."

"हां." मग तिनं विचारलं, "नारळ बरो आसा मा?"

खोटं बोलायचं होतं, जिभेवर तयारही होतं. पण गाऱ्हाण्याच्या नारळाबद्दल खोटं बोलायचं धाडस माझ्यात नाही.

"फुटलो."

"कोणी फोडल्यान?"

"विशाखान."

पलीकडून कावळे ओरडताना ऐकू आले. मी "आये, मी सांगतंय काय झाला ता" असं सुरू केलं तर तिनं तोडलं.

"सांगा नको. अंगणात तू खोकललंस, ता माका त्याच दिवशी ऐकू इल्ला." मग म्हणाली, "इतकी वर्षा मी नारळ धाडतंय आणि तू काय बोलणस नाय. मगे देवानच फोडून घेतल्यान म्हणूचा. नवस फुटलो तर फेडूक होयो. जेणी फोडल्यान तिका घेवन ये."

फोन ठेवता ठेवता विचारलं, "आणि तुमी दोघी कशावरून भांडतास?"

"आये, खोबऱ्यावरून."

मेमध्ये आम्ही दोघी कुडाळला उतरलो. गाडीत रत्नागिरीपासून विशाखाला एकच शिकवत होते, कधी काय म्हणायचं. अंगणात माणसं मोजकीच होती. काका टोपी घालून उभे राहिले, नारळ ठेवला, "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवासाठी तुझ्याकडे घोव मागितललो..." इथवर आले आणि थांबले. इतक्या पिढ्यांत या गाऱ्हाण्याला पुढचं वाक्य लागलंच नव्हतं. त्यांनी टोपी सारखी केली, घसा खाकरला, विशाखाकडे बघितलं, मग जमिनीकडे.

"सर बाजूक," आई म्हणाली. "मी सांगतंय."

आमच्याकडे बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. आई डोक्यावरून पदर घेऊन पुढं झाली. मासे विकताना लावते तोच आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा, चेडवाक माणूस गावला. जसा मागितलेला तसा नाय, पण गावला. तू दिल्लंस ता मी पदरात घेतलंय. दोघींक बरी ठेव. कोण वाकडा बोलात तर तू आडवो रव."

'व्हय म्हाराजा' म्हणायला कोणी पुढं होईना. काका जमिनीकडे बघत, शेजारीण काकांकडे. आणि मग अकोल्याच्या सुरात, एकटीचाच, खणखणीत:

"व्हय म्हाराजा!"

काकांनी चमकून वर बघितलं. बाहेरच्या माणसानं एकट्यानं म्हटलेलं त्यांना चाललं नसावं. ते पुटपुटले, "व्हय म्हाराजा." मग शेजारीणही म्हणाली. मीही म्हटलं, न खोकता.

सगळं गोड झालं असं नाही. काका विशाखाशी अजून हवापाण्याचंच बोलतात, आणि काही घरी आम्हाला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत. पण आता घर कुठलं असं विचारलं तर मला गोंधळायला होत नाही. दिवाळीला गाववाल्याबरोबर आईनं पिशवी पाठवली. सुके बांगडे, कोकमं आणि एक नारळ. सवयीनं मी तो फळीवर ठेवला आणि आईला फोन लावला.

"फळयेर कित्याक ठेवलंस?" ती ओरडली. "ह्या नारळार काय एक मागूक नाय. आमटीत घाला."